हात लावील तो मालक

मंगळवारी दुपारी चार वाजता बेल वाजली, मैनाने दार उघडलं, तर समोर हिंदुराव. खांद्यावर इंद्रायणी तांदळाची गोणी, काखेत साडीची पिशवी आणि तोंडभर हसू. यातली एखादीच गोष्ट आली असती तर मैनाने आनंदाने आत घेतली असती. तिन्ही एकदम आल्या म्हटल्यावर दारातून बाजूला व्हायला तिला जरा वेळ लागला. हा तिचा सख्खा थोरला भाऊ, पण बारा वर्षांत कोथरूडच्या या जिन्याची एक पायरी चढला नव्हता. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला तेव्हा वैकुंठ स्मशानभूमीत उभ्या उभ्या भेटला होता, तेवढाच.

"दादा, आज काय विशेष? ना दिवाळी, ना राखी," ती म्हणाली.

"बहिणीकडं यायला मुहूर्त लागतो व्हय?" हिंदुराव गोणी स्वयंपाकघरात टेकवत म्हणाला. मग पंख्याखाली बसून त्याने पाणी मागितलं, चहा मागितला, भाचीची चौकशी केली, गुडघ्याचं दुखणं विचारलं. मैना एकेक उत्तर देत होती आणि मनात मोजत होती, की मूळ मुद्दा अजून किती घोटांवर आहे. चहाचा कप रिकामा झाला आणि मुद्दा आला.

"मैना, आबांचं घर तुला देऊन टाकायचं ठरलंय. मी अन् पृथ्वी, दोघं तुझ्या नावानं हक्क सोडतो. सोमवारी रजिस्टर ऑफिसला ये, आधार कार्ड अन् दोन फोटो घेऊन. बाकी सगळं वकील बघतोय."

मैनाला वाटलं आपल्याला ऐकू येत नाही की काय. भाऊ बहिणीला हक्क सोडून देतोय! त्यांच्या बोरवाडीत बहिणींनी भावांना हक्क सोडून द्यायचे, हा गावच्या यात्रेइतका जुना रिवाज. बाप गेला की तेराव्याला बहिणीला साडी नेसवायची, ताटात लाडू वाढायचा आणि लाडू संपायच्या आत कागद पुढे सरकवायचा. आबांच्या तेराव्याला मैनापुढेही तो सरकला होता. तिने सही केली नव्हती. "मला काही नको, पण नाव राहू दे," एवढंच ती म्हणाली होती. पण नाव राहू दे म्हणणारी बहीण म्हणजे उद्या हिस्सा मागणारी बहीण, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. त्या वर्षापासून तिची भाऊबीज बंद झाली.

"का पण?" तिने विचारलं.

"का म्हंजे? बहीण हायस," हिंदुराव म्हणाला आणि मोबाइल वाजला नसतानाही तो कानाला लावून जिना उतरला.

संध्याकाळी शेफाली ऑफिसमधून आली. तिने आधी गोणीकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, धिस इज सो फिशी. मामा आणि फुकट?"

"अगं, वय झालंय त्याचं. माणूस बदलतो."

"माणूस बदलतो गं, मामा नाही बदलत."

मैनाने लेकीला दटावलं, पण रात्रभर तिलाही एकच वाक्य टोचत राहिलं: कुठेतरी पाणी मुरतंय. आणि त्याहून वाईट म्हणजे, ते मुरत नसावं असं तिला फार फार वाटत होतं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला माहेरची ओढ असू नये असं काही शास्त्र नाही. गोणी खरी असावी, साडी खरी असावी आणि भाऊ तर खराच असावा, असं ती देवाला मनात म्हणत होती. पण हात जोडताना एक डोळा उघडा होता.

दुसऱ्या दिवशी कुणालाही न सांगता तिने बोरवाडीची बस धरली.

पाच वर्षांपूर्वी बोरवाडी महापालिकेत आली. रस्त्यांना दिवे आले, घरांना कर आला आणि गोठ्यांच्या जागी गाळे आले. आबांची दुमजली इमारत मात्र होती तिथेच, चौकाच्या तोंडावर. मैनाच्या लग्नाआधीच्या उन्हाळ्यात इमारतीचा स्लॅब टाकला होता आणि सलग एकवीस दिवस, सकाळ-संध्याकाळ, त्या स्लॅबला पाणी मारलं होतं मैनाने. भाऊ तेव्हा क्रिकेट खेळत होते. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण विसरलीही नव्हती.

आता त्याच स्लॅबच्या फटीतून पिंपळ निघाला होता. दाराला दोन कुलपं होती, एक हिंदुरावचं आणि एक धाकट्या पृथ्वीराजचं. एकट्याने उघडायची सोय नव्हती आणि दोघांनी मिळून उघडायचा प्रश्नच नव्हता. आबा गेल्यावर वर्षभरात पृथ्वीराजने गळक्या कोपऱ्यावर ताडपत्री टाकली, तर आठव्या दिवशी त्याला हिंदुरावच्या वकिलाचं पत्र आलं: आपण मिळकतीचा बेकायदा ताबा घेत आहात. कारण गावात म्हणच होती, हात लावील तो मालक. ज्याने पत्रा बदलला त्याची वहिवाट, ज्याने रंग दिला त्याचं घर. तेव्हापासून अकरा वर्षं दोघा भावांनी एकमेकांवर इतकी कडक नजर ठेवली, की कुणी एक खिळा ठोकला नाही. नजर ठेवण्यात कसूर नव्हती, इमारतीकडे तेवढं कुणाचं लक्ष नव्हतं.

गच्चीचा कठडा रस्त्याच्या बाजूला चांगला वीतभर झुकला होता. तो झुकलेला लांबून दिसत नव्हता, कारण त्यावर हिंदुरावच्या पोराचा, समर्थचा, वीस फुटी फ्लेक्स तारेने बांधला होता. निवडणूक तोंडावर होती. 'प्रभागाचा भक्कम आधार' असं त्यावर लिहिलं होतं. खिळा ठोकला तर ताबा होतो, फ्लेक्स लावला तर होत नाही, असा दोघा भावांचा समजूतदार करार झालेला दिसत होता.

आणि त्या भक्कम आधाराच्या बरोबर खाली, छत्री उघडून, नसीमबानू शिलाई मशीन चालवत बसली होती.

नसीमबानू मैनाची शाळेपासूनची मैत्रीण. गेली एकोणीस वर्षं ती तिथे बसून साड्यांना फॉल-पिको करत होती. मैनाला पाहून तिने मशीन थांबवलं नाही, फक्त मान वर केली.

"आलीस? मालकीणबाई आल्या म्हणायचं का आता?"

"कुणी सांगितलं तुला?" मैनाने एकदम सावध होऊन विचारलं.

"दारावर लावलंय की. वाच."

दारावर महापालिकेचा कागद डकवला होता. धोकादायक बांधकाम, पंधरा दिवसांत उतरवून घ्यावे, अन्यथा मालकांवर गुन्हा दाखल करण्यात येईल. खाली तीन नावं होती. हिंदुराव, पृथ्वीराज आणि तिसरं मैना, आबांच्या नावासकट. तिने ते तीनदा वाचलं. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर तिचा ऊर भरून आला. आबांची पोरं तीन, असं लिहिलेला कागद तिने बारा वर्षांत पहिल्यांदा पाहिला होता. मग तिची नजर तारखेवर गेली. नोटीस दहा दिवसांपूर्वीची होती.

"तक्रार कुणी केली गं?"

"मी. चार वेळा. पावसाळ्यात वरून वीट पडली, ह्या इथं, गिऱ्हाइकाच्या चपलेवर. आता वारा सुटला की फ्लेक्स फडफडतो अन् तारेसंगं कठडा हलतो. मी वर बघतच न्हाई. बघितलं की पाय मशीनवर चालत न्हाई."

"मग ऊठ ना इथून! समोर बस जाऊन."

नसीमबानू हसली. "अन् जागा? पथारीचा परवाना ह्या जागेचा हाय. चार दिवस उठले की पाचव्या दिवशी इथं वडापाव तळला जाईल. तुमचीच रीत हाय गावाची, बसंल त्याची जागा."

मैना परत निघाली. बसमध्ये बसल्यावर तिच्या मनात नको तो विचार आला, की नसीमलाच तर इथे गाळा हवा नसेल ना? चार तक्रारी उगाच कोण करतं? मग तिची तिलाच शरम वाटली. एका गोणीने तिच्या डोक्यात संशयाची अशी काही पेरणी केली होती, की आता जो समोर येईल त्याच्यावर कोंब फुटत होता.

गुरुवारी ती महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात गेली. कनिष्ठ अभियंता तनया ही शेफालीच्याच वयाची मुलगी होती, केसात पेन खोचलेलं आणि टेबलावर फायलींचा डोंगर.

"बसा काकू. तुमच्या घरातलं कुणीतरी स्वतःहून आलं, हेच नवल आहे," ती फाईल उघडत म्हणाली. "मी पहिली नोटीस दिली, तेव्हा हिंदुरावांनी लेखी दिलं, इमारत धाकट्या भावाची. धाकट्याने लेखी दिलं, थोरल्याची. मालकीचा वाद निघाला की फाईल विधी विभागात जाते, आणि तिथून ती यायची तेव्हा येते. आता हे तिसरं पत्र. यावर दोघांच्याही सह्या आहेत."

मैनाने पत्र वाचलं. सदर मिळकत आमची भगिनी मैना हिच्या ताब्यात व वहिवाटीत असून आमचा तिच्याशी काहीही संबंध नाही. अकरा वर्षांत एका खिळ्यावर एकमत न झालेल्या दोन भावांचं या कागदावर मात्र एकमत झालं होतं. तारीख सोमवारची होती. तांदूळ मंगळवारी आले होते.

तिला रडू आलं नाही, त्याचंच तिला वाईट वाटलं. आतून कुणीतरी नुसतं म्हणालं, बघ, म्हटलं नव्हतं?

"उद्या कठडा पडला आणि कुणाला लागलं, तर?" तिने विचारलं.

"तर ज्याचं नाव, त्याला पोलीस शोधणार. गेल्या महिन्यात शेजारच्या वाडीत भिंत पडली. मालक अजून कोर्टाच्या पायऱ्या चढतोय."

"आणि पडायच्या आधी तो उतरवायचा असेल तर?"

तनयाने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "मालकांपैकी एकानं जरी लिहून दिलं, की इमारत आमची आहे, ती धोकादायक आहे, नोटीस मिळूनही आम्ही काही केलं नाही, तर वाद संपला. मी दुसऱ्या दिवशी माणसं पाठवते. पण काकू, त्याच जबाबावर गुन्हाही दाखल होईल. लिहून देणाऱ्यावर सुद्धा."

मैना तो जबाब न देताच उठली. पोलीस हा शब्द ऐकून नव्हे. आपण हे लिहिलं की माहेर संपलं, हे तिला दिसत होतं. भाऊ बोलत नाहीत हे वेगळं, आणि बहिणीने भावांवर केस केली हे वेगळं. पहिल्याला गाव रुसवा म्हणतं, दुसऱ्याला तोंड दाखवायला जागा ठेवत नाही.

म्हणून तिने आधी आपला मार्ग काढून पाहिला. शनिवारी सकाळी कोथरूडचा ओळखीचा गवंडी आणि एक बिगारी घेऊन ती बोरवाडीला गेली. नुसता कठडा उतरवायचा, ना कागद, ना वाद. गवंड्याने शिडी लावली, दोन विटा काढल्या, आणि तिसऱ्या विटेला पृथ्वीराज हजर. पायात चप्पल नव्हती, हातात मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये शूटिंग चालू होतं.

"आक्का, कब्जा घेतीस काय?"

"अरे, कठडा पडतोय. खाली नसीम बसते."

"मग सोमवारी कागद होऊ दे की! कागदावर नाव लागणं वेगळं, अन् हात लावणं वेगळं. आज तू वीट काढलीस की उद्या म्हनशील घर माझं. दादा म्हनला, निवडणूक झाली की तू परत आमच्या नावानं सोडून देणार हायस."

मैनाच्या डोळ्यांपुढे सगळं लख्ख झालं. निवडणूक होईपर्यंत इमारत बहिणीची. कठडा पडला तर बहीण आत, समर्थचं नाव स्वच्छ. नाही पडला तर चार महिन्यांनी पुन्हा साडी, पुन्हा लाडू आणि पुन्हा कागद. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं हिंदुरावने सगळं बसल्या जागी जमवलं होतं.

"असं दादा म्हणाला? मला नाही म्हणाला तो," ती म्हणाली.

पृथ्वीराजचा चेहरा पडला. आपण जास्त बोललो हे त्याला कळलं, पण त्याने शूटिंग बंद केलं नाही. गवंडी तोपर्यंत शिडी काढून निघून गेला होता. भावाभावांच्या भानगडीत थापी घालू नये, एवढं व्यवहारज्ञान त्याच्याकडे होतं. काढलेल्या दोन विटांमुळे कठडा आणखी खिळखिळा झाला होता, आणि नसीमबानूने शांतपणे छत्री आणखी थोडी वाकवून घेतली. जशी काही छत्रीने वीट अडणार होती.

रविवारी शेफालीने सोपा हिशेब मांडला. "आई, तू सोमवारी सही करच. रजिस्टर्ड कागद होऊ दे. मग परत देऊच नको! त्यांनीच खणलेला खड्डा आहे."

मैनाने त्यावर खरंच विचार केला. ती काही संत नव्हती. चौकातली जागा होती, लेकीचं भलं झालं असतं. पण मग हिंदुरावने तिच्याबद्दल बारा वर्षं जे जे सांगितलं, ते सगळं एका सहीत खरं ठरलं असतं. आणि मुळात तिला घर नकोच होतं. तिला आबांच्या पोरांत मोजलं जायला हवं होतं. भावांची नावं पुसून एकटं राहिलेलं आपलं नाव घेऊन ती काय करणार होती?

सोमवारी साडेअकराला हिंदुरावचा फोन आला. "मैना, कुठं हायस? नंबर लागलाय. वकील थांबलाय."

"मी महापालिकेत आहे, दादा. जबाब लिहून देतेय."



"कसला जबाब?"

"इमारत आपल्या तिघांची आहे, असा. ती पडायला आलीय आणि आपण तिघांनीही तिला हात लावला नाही, असा."

"डोकं फिरलंय काय तुझं? आम्ही घर द्यायला निघालोय अन् तू..."

"बारा वर्षांपूर्वी तुम्ही म्हणालात, सोड. मी सोडलं नाही. आज तुम्ही सोडताय, तर मी सोडू देणार नाही. तिघांचीही नावं राहतील." तिची कोथरूडची मराठी गळून पडत होती. "म्या पानी मारलंय त्या स्लॅबला, दादा. तो कुनाच्या डोक्यात पडू द्यायचा न्हाई मला."

"समर्थचं वाटोळं करशील. तुझं माहेर तुटंल, बघ."

"माहीत हाय," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिथेच, तनयाच्या टेबलापुढे, तोंडाला पदर लावून ती रडली. तनयाने पाण्याची बाटली पुढे केली आणि जबाबाचा कागद मात्र भिजू नये म्हणून हळूच बाजूला ओढला. रडणं आवरल्यावर मैनाने सही केली.

मंगळवारी सकाळी महापालिकेची माणसं आली. आधी फ्लेक्स उतरला, मग कठडा. वरून पहिल्याच घणाला चार फुटांचा तुकडा सुटला आणि बांधून ठेवलेल्या दोराला लोंबकळत राहिला. दोर नसता तर तो सरळ नसीमबानूच्या जागेवर आला असता. नसीमबानू समोरच्या कडेला मशीन घेऊन बसली होती, पण तिचं लक्ष त्या तुकड्याकडे नव्हतंच. आपल्या रिकाम्या जागेवर कुणी टपरी तर लावत नाही ना, हे ती पाहत होती. तुकडा जमिनीवर आणून ठेवला तेव्हा ती उठून आली, त्यावर हात फिरवला आणि मैनाचा दंड घट्ट धरला.  

दुपारी तिघा भावंडांना पोलीस चौकीत बोलावणं आलं. एकच बाक होता. एका टोकाला हिंदुराव, दुसऱ्या टोकाला पृथ्वीराज आणि मध्ये जागा उरली होती तिथे मैना. आबांच्या तेराव्यानंतर तिघं पहिल्यांदाच इतकी जवळ बसली होती.

बऱ्याच वेळाने हिंदुराव तिच्याकडे न बघता खालच्या आवाजात म्हणाला, "खरं सांग. समर्थच्या विरोधातल्यांनी किती कबूल केलंय?"

"कुणी काही नाही कबूल केलं. नसीमच्या डोक्यावर कठडा होता."

"ते झालं गं. पण खरं कारण सांग."

मैनाने त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. त्याला मनापासून जाणून घ्यायचं होतं, आणि ती जे सांगत होती ते त्याच्या कानांत शिरायला वाटच नव्हती. राग यायला हवा होता, पण तिला त्याची कीव आली. पृथ्वीराजही मान पुढे काढून ऐकत होता, की बहीण आता तरी रक्कम सांगते का.

हवालदाराने वही ओढली आणि पेनाचं टोपण काढलं. "हं. मालक कोण?"

हिंदुरावने पृथ्वीराजकडे पाहिलं. पृथ्वीराजने हिंदुरावकडे पाहिलं.

"मी," मैना म्हणाली. "आणि हे दोघं माझे भाऊ. लिहा, तिघांची नावं लिहा."

हवालदाराने तिचं नाव आधी लिहिलं. हिंदुराव चटकन पुढे वाकला. "साहेब, माझं शेवटी घ्या."

"काका, इथं वर-खाली काही नसतं," हवालदार मान वर न करता म्हणाला. "कलम तिघांना एकच आहे. वडिलांचं नाव सांगा."

वडिलांचं नाव तिघांनी एकदमच सांगितलं.